नवरीचं नाव

रुदैना हट्टी आहे, हे इर्बिद या अरबी शहराच्या बाजारात मसाले विकणाऱ्या तिच्या बापापासून विद्यापीठाच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. समाजशास्त्राच्या प्रबंधाचा विषय निवडताना मात्र तिची गाठ मार्गदर्शक डॉ. मुफ्लिह यांच्याशी पडली. त्यांना हवा होता ‘मोबाईल आणि तरुणांची बदलती मूल्यं’. प्रश्नावली तयार, तक्ते तयार, नुसती खोगीरभरती करायची. रुदैनाला एवढंच शोधायचं होतं, की लग्नपत्रिकेवर नवरीचं नाव का नसतं, आणि हल्ली काही घरं ते का छापू लागली.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं थोरल्या बहिणीच्या, तहानीच्या लग्नात. पत्रिकेवर रिवाजाप्रमाणे नवरदेवाचं नाव ठसठशीत आणि नवरी म्हणजे नुसती ‘अबू गैथ यांची सुकन्या’. गैथ हा त्यांचा भाऊ, आणि अबू गैथ म्हणजे गैथचा बाप. कुवेतहून कित्येक वर्षांनी आलेल्या बापाच्या आतेबहिणीला वाटलं, थोरलीचं कधीच झालं असणार, हे लग्न धाकटीचंच. तिनं हौसेनं सोन्यात ‘रुदैना’ ही अक्षरं घडवून आणली आणि भर लग्नात ती साखळी तहानीच्या गळ्यात घातली. पाहुणे हसले. तहानी मात्र रडली, आणि ते रुदैनाच्या जिव्हारी लागलं. साखळी तिच्याकडे आली ती तिनं गळ्यातून काढलीच नाही.

घरीही विषयाला पाठिंबा नव्हताच. तिच्या आईला सगळा मोहल्ला मुलाच्या नावानं, गैथची आई म्हणूनच ओळखायचा.

“बायकांची नावं काय चव्हाट्यावर मांडायची असतात?” आई कणीक मळता मळता म्हणाली.

“तुला तुझ्या नावानं शेवटची हाक कुणी मारली, आई?”

“माझ्या आईनं. ती गेली, हाकही गेली.” आणि तिनं मळलेलीच कणीक पुन्हा मळायला घेतली.

विषय मंजूर करून घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. आज सही नाही, तर वर्ष पाण्यात. डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. विद्यार्थिनी एकटी आत असली की दार उघडंच ठेवायचं, हा त्यांचा नेम, आणि तो मोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

“अगं, नवरीचं नाव नसतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” ते म्हणाले. “त्यात संशोधन कसलं? मोबाईल घे आणि मोकळी हो.”

माघार घ्यायची नाही हे रुदैनाचं ठरलेलं होतं.

“डॉक्टर, मागच्या महिन्यात तुमच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे विद्यार्थी आलो, पोटभर मन्सफ जेवलो. परवा मी वर्गात एकेकाला विचारलं. नवरीचं नाव कुणालाच सांगता येईना. काय नाव हो तिचं?”

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं. ते रागावले नाहीत. बाहेर व्हरांड्यात मुलं गप्पा मारत उभी होती, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग ते उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.

“मैसून,” ते हळूच म्हणाले.

रुदैना फक्त बंद दाराकडे पाहत राहिली. तिची नजर कुठे आहे हे पाहून डॉक्टरही तिकडे वळले, आणि कानापर्यंत लाल झाले. जाऊन त्यांनी दार पुन्हा सताड उघडलं आणि उभ्या उभ्याच पेन मागितलं.

“पहिली मुलाखत माझी घे,” सही करताना ते म्हणाले. आवाज व्हरांड्यात ऐकू जाईल इतका मोठा होता. “मैसूनचा बाप म्हणून.”