फ्रेमबाहेरचे दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान बजरंग ससाणे, हडपसर गावठाणातले. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा धंदा. कॅसेटी होत्या तेव्हापासून ते यात आहेत. हडपसर, मांजरी, फुरसुंगीकडच्या कितीतरी संसारांची सुरुवात त्यांनी टिपली आहे. पुढे त्या संसारांचं जे झालं त्याला आपण जबाबदार नाही, असंही ते सांगून टाकतात. माणूस सोन्यासारखा, पण स्वभाव काळजीचा. घरून निघताना बॅटऱ्या तपासतील, फाटकाशी पुन्हा तपासतील, आणि मगरपट्ट्याच्या सिग्नलला गाडी थांबली की ताईला फोन करून विचारतील, "मी बॅटऱ्या तपासल्या का गं?"

माझं शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान आहे. काळजी करायची मला सवय नाही, मला लोकांचा राग येतो. ते तब्येतीला बरं असतं. पण भाचीच्या लग्नात या माणसाने मलाही काळजी करायला लावली, म्हणून हे सांगतो आहे.

दाजींच्या स्टुडिओत मी कधीमधी बसायला जातो. एकदा माझ्यासमोर एक लग्न ठरलेलं जोडपं आलं. दर ऐकून मुलगा म्हणाला, "काका, व्हिडिओचं आम्ही घरच्या घरीच बघतोय. माझ्या भावाकडे भारी फोन आहे." गिऱ्हाईक चाललं की दुकानदार आवाज चढवतो, दाजी मात्र खाली मान घालून लेन्स पुसत राहिले. म्हणाले, "काढंल की. चांगला काढंल. फकस्त एक करा, भावाला लग्नाला बोलवू नका."

मुलगी हसली. मुलाला कळलं नाही.

"आवो, ज्याच्या हातात क्यामेरा, तो मानूस लग्नातून वजा झाला म्हनून समजा. तुमच्या भावानं करवल्यांशी मस्करी करायची, का तुम्ही घास भरवताना उजेड कुठनं येतोय ते बघायचं? परक्याला बोलवा. मला नका बोलवू, दुसऱ्या कुनाला बोलवा. पन घरातला मानूस वजा करू नका."

बोलण्यात तथ्य होतं. फक्त बोलणाऱ्याने ते स्वतःला कधी लावून बघितलं नव्हतं.

तेजस्विनी ही त्यांची एकुलती एक लेक. खराडीत एका कंपनीत आहे, तिथलाच पियुष तिने पसंत केला, दोन्ही घरांनी खळखळ न करता होकार दिला. बैठक झाली, कार्यालय ठरलं, आणि त्या संध्याकाळी दाजी चहा पिताना सहज म्हणाले, "शूटिंग मीच करतो. आपल्या पोरीचं लगीन परक्याच्या हातात कसं द्यायचं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी बशीकडे बघितलं. तेजस्विनीने मात्र कप खाली ठेवला.

"बाबा, माझ्या बारशापासून सगळ्याचा व्हिडिओ आहे आपल्याकडे. गॅदरिंगचा, दहावीच्या सत्काराचा, सगळ्याचा. त्यात आई आहे, मामा आहे, शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा आहे. तुम्ही एकातही नाही. मला दागिने नकोत, डेस्टिनेशन वेडिंग नको. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत मला माझ्या शेजारी माझे बाबा पाहिजेत. बस, एवढंच. प्लीज."

दाजींनी पुष्कळ पळवाटा काढल्या. स्टँडवर कॅमेरा लावून ठेवतो म्हणाले, रिमोटने चालवतो म्हणाले. पोरगी बापासारखीच चिवट. शेवटी ते कसेबसे "बरं" म्हणाले, पण असं, जणू डॉक्टरने ऑपरेशनच सांगितलं असावं.

शूटिंगला शेफाली नावाची मुलगी ठरली. तिशीतली, कामात तयार, बोलणं मोजकं. दाजींनी तिची परीक्षा घेतली ती मी पाहिली आहे. सरकारी नोकरीला एवढं विचारत नाहीत. दुसरा कॅमेरा आहे का, कार्ड भरलं तर काय, लाइट गेली तर काय, गुरुजींचा माइक खरखरला तर काय, आणि तुला ऐन वेळी शिंक आली तर काय? शेफालीने सगळ्याची उत्तरं दिली. शिंकेचंही दिलं. ती गेल्यावर दाजींनी तिचं व्हिजिटिंग कार्ड दोनदा उलटून बघितलं. मग म्हणाले, "हुशार हाय. पन हुशार मान्सं जास्त चुकत्यात."

खरी काळजी सुरू झाली ती हळदीच्या दिवशी. मांडवात गडबड चाललेली, आणि शेफाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, एक प्रॉब्लेम आहे. काका फ्रेममधून पळतात."

"म्हणजे?"

"तुम्हीच बघा."

मी बघितलं. दाजी हातात हळदीची वाटी घेऊन तेजस्विनीकडे निघाले. शेफालीने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला मात्र, दाजी कमरेत वाकले आणि खाली मान घालून झरकन बाजूला सरकले. वाटी ताईच्या जाऊबाईंच्या हातात देऊन मोकळे. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. ते मुद्दाम करत नव्हते हो! दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर आपण आलो की वाकून निघायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की कॅमेरा वळला की कंबर आपोआप वाकायची. मी ओरडलो, "दाजी, उभे राहा की सरळ!" तर म्हणाले, "आरं, तिच्या मधी येत हुतो मी."

"तुम्ही मध्येच यायचं आहे!"

त्यांना पटलं. पटलं, पण कमरेला कोण सांगणार? हळद संपली तेव्हा त्यांचे दोन हात तेवढे व्हिडिओत आले होते. तेजस्विनीच्या चेहऱ्यावर हळद होती म्हणून बरं, नाहीतर उतरलेला चेहरा सगळ्यांनी बघितला असता. मला म्हणाली, "मामा, लग्नात तरी त्यांना धरून ठेव." मी छाती ठोकून "हो" म्हटलं आणि ताईच्या घरी येऊन तिच्याकडे एक कप चहा जास्त मागितला. झोप लागेना. या वयात मेहुण्याला धरून ठेवायची कामगिरी!

लग्नाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त. मामाने नवरीच्या मागे उभं राहायचं, म्हणजे मी जागचा हलू शकत नव्हतो. दाजींना माझ्या डावीकडे, अगदी हाताच्या अंतरावर उभं केलं. फेटा बांधलेला, नवी कोरी शेरवानी. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी कडेने बघतो तर दाजींचे डोळे तेजस्विनीवर नाहीत, अंतरपाटावर नाहीत, ते शेफालीकडे. ओठ पुटपुटताहेत. मला वाटलं, मंगलाष्टक म्हणताहेत. कान दिला तर, "डावीकडं जा. डावीकडं. आगं, खांब आडवा येतोय."

तिसऱ्या अष्टकाला एका पाहुण्याने शेफालीच्या बरोब्बर समोर मोबाईल उंच धरला. त्याच्या मागे दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. हल्ली अक्षता टाकायला एक हात आणि मोबाईलला एक हात, आशीर्वादाला काही शिल्लक राहत नाही. दाजी टाचा उंचावून बघायला लागले. मी त्यांची शेरवानी पकडायला डावीकडे हात नेला, पण हातात फक्त अक्षता. "दाजी!" म्हणेपर्यंत ते स्टेज उतरले होते.

'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, ताशे वाजले, हार पडले. नवरीचा बाप तेव्हा पहिल्या रांगेत मांजरीच्या एका पाहुण्याचा हात धरून मोबाईल खाली ओढत होता. अक्षतांचा पाऊस थांबल्यावर तेजस्विनीने हार सावरत मागे वळून बघितलं. "मामा, बाबा कुठायत?"

"आलेच," म्हणालो. मला इतका राग आला होता आणि इतकी कीव आली होती, की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळेना.

शेफालीने खालूनच नकारार्थी मान हलवली. आता बापाचं असं फक्त कन्यादान उरलं होतं. तेवढं गेलं की पोरीची एकच मागणी, तीही गेली.

पाहुणे जेवायला पळाले, स्टेजवर घरचीच माणसं उरली. मी दाजींना हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. ताई शेजारी बसली. कन्यादानाला एक सोय असते: बापाला पळता येत नाही. खाली नवऱ्याची ओंजळ, तिच्यावर नवरीची, सगळ्यांत वर बापाची, आणि आई तांब्याने पाण्याची धार धरते. मंत्र संपेपर्यंत धार तुटायची नसते. मी मनात म्हटलं, सुटलो. आता यांना पाण्यानेच बांधलंय.

गुरुजींनी मंत्र सुरू केले. ताईने धार धरली. पाणी दाजींच्या बोटांमधून तेजस्विनीच्या हातात, तिथून पियुषच्या, तिथून परातीत. शेफाली समोर बसली होती, कॅमेरा स्थिर. आणि मला दाजींचा चेहरा दिसला. पांढराफटक. ते कॅमेऱ्याकडेच बघत होते.

"दिवा न्हाई," ते माझ्याकडे न बघता कुजबुजले.

"कसला दिवा?"

"लाल दिवा. चालू असला की फुडं लागतो. लागलेला न्हाई. ती रेकॉर्डच करत न्हाई!"

"दाजी, गप्प बसा."

"आरं, कन्यादान चाललंय माझ्या पोरीचं, आन् क्यामेरा बंद हाय!"

गुरुजींनी मंत्र म्हणता म्हणता डोळे वटारले. ताई दातओठ खाऊन "अहो" म्हणाली. शेफालीला काय चाललंय ते कळेना. ती बोलली असती तर तिचा आवाज आला असता, म्हणून ती हाताने खुणा करत होती आणि त्या खुणांनी दाजी आणखीच घाबरत होते. त्यांचे खांदे उचलले गेले. गुडघा पाटावरून सुटला. ओंजळ हलली, ताईचा हात दचकला आणि धार तुटली. परातीतला आवाज थांबला. मागून कुणा म्हातारीने "अगंबाई!" केलं.

दाजी अर्धे उठले होते. तेवढ्यात तेजस्विनीने खालून, ओल्या बोटांनी, त्यांचा अंगठा धरला. लहान मूल धरतं तसा, घट्ट.

"बाबा, बंद असेल तर असू दे. बसा."

"पन बाळा—"

"मला व्हिडिओ नकोय. तुम्ही बसा. बघा माझ्याकडे."

दाजी बसले. तिच्याकडे बघितलं. मी कितीतरी लग्नांत हा माणूस बघितला आहे, नवरीमुलींकडे बघत असलेला, पण ते बघणं एका डोळ्याने, दुसरा मिटलेला. त्या दिवशी दोन्ही डोळे उघडे होते.

गुरुजी दाजींना बऱ्याच लग्नांमधून ओळखणारे, सदाशिव पेठी खोचक जिभेचे. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "बजरंगराव, आजवर आपण आम्हाला 'गुरुजी, परत एकदा' म्हणत आलात. आज आम्ही आपल्याला म्हणतो. घ्या, परत एकदा." सगळे हसले. ताईने डोळे पुसून तांब्या पुन्हा भरून घेतला आणि धार लागली. या वेळी मंत्र संपेपर्यंत ती तुटली नाही.

पाटावरून उठल्या उठल्या दाजी शेफालीकडे गेले. मला वाटलं, आता पोरीवर आग पाखडणार. ती आधीच म्हणाली, "काका, रेकॉर्डिंग चालूच होतं. पुढचा दिवा मी बंद करून ठेवते. दिवा दिसला की लोक ताठ बसतात."

दाजींनी कपाळावर हात मारला. ते स्वतःही तो दिवा कायम बंदच ठेवतात. याच कारणासाठी.

फिल्म तयार झाली तेव्हा तेजस्विनी आणि पियुष हडपसरला आले होते. रविवारची दुपार, आमरसाचं जेवण झालेलं, सगळे टीव्हीसमोर. दाजी कुणाचीही फिल्म बघताना बोलत राहतात, इथे उजेड कमी पडला, तिथे हात हलला. तसेच बोलत होते. हळदीत स्वतःचे दोन हात दिसले तर त्यांनी मान खाली घातली. अक्षता झाल्या, त्यात ते नव्हतेच.

मग कन्यादान आलं आणि दाजी बोलायचे थांबले.

पडद्यावर एक फेटेवाला माणूस बावरून समोर बघत होता, मग अर्धवट उठला, मग बसला. मग त्याने पोरीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पार मोडून गेला. गालांवरून घळाघळा पाणी, आणि हात ओंजळीत अडकलेले, पुसताही येत नव्हतं.

"मी रडलो हुतो?" दाजींनी विचारलं.

"मग काय!" ताई म्हणाली. "सगळ्यांनी बघितलं. तुम्हालाच माहीत नाही."

"मला ठावंच न्हाई." मग पियुषला म्हणाले, "जावईबापू, वाईच मागं घ्या."

पियुषने मागे घेतलं. मला वाटलं, त्यांना स्वतःला पुन्हा बघायचं आहे. पण ते उठून टीव्हीच्या जवळ गेले आणि स्वतःला सोडून पडद्याच्या दुसऱ्या कडेला बघू लागले. धार पडत होती. पडद्यावरचे दाजी कॅमेऱ्याचा दिवा शोधत होते, गुरुजी डोळे वटारत होते, मी त्यांना गप्प करत होतो. आणि या सगळ्या गोंधळात तेजस्विनी मान जराशी वर करून, न हलता, फक्त त्यांच्याकडे बघत होती. धार तुटायच्या आधीपासून. ते पाटावर बसले तेव्हापासून.

"ही तर पहिल्यापासनं माझ्याकडंच बघती हाय," दाजी म्हणाले.

"हो, बाबा," तेजस्विनी म्हणाली.