व्हर्नच्या अंथरुणातलं कातडं

आमच्या गायरा गावात नोएलीन पॅस्कोचे बूट नाहीत असं घर सापडायचं नाही. मेंढीच्या कातड्याचे बूट, लोकर आत आणि कातडं बाहेर. आमचे आजोबा लोक थंडीत कातड्याचे तुकडे सुतळीने पायाला बांधून हिंडत. दिसायला भयंकर, पण बोटं शाबूत राहायची. नोएलीनचा बाप लढाईत वैमानिकांचे बूट शिवायला शिकला आणि परत येऊन गावासाठी शिवू लागला. त्याच्याच मशीनवर ती पत्र्याच्या शेडमध्ये बसते.

स्वभाव मात्र लोकरीचा नाही. मोजे घालून माप द्यायला गेलात तर सरळ घरी पाठवेल. आमच्याकडे हे बूट घरात घालायचे, फाटकातल्या टपालपेटीपुढे न्यायचे नाहीत. एकदा दुकानात ते घालून आलेल्या मास्तरांना तिने सगळ्यांसमोर पिटाळलं होतं. त्यांची पावाची पिशवी तिथेच राहिली.

मी आणि माझा थोरला भाऊ मर्व्ह, आम्ही एकेचाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या. मागे राहील त्याने दुसऱ्याच्या शवपेटीचा पुढचा कोपरा उचलायचा, हे आमचं फार पूर्वी ठरलेलं. गेल्या वर्षी साखरेच्या आजारापायी माझ्या उजव्या पायाची दोन बोटं कापली. तेव्हापासून नोएलीनच्या बुटांखेरीज पायात काही सहन होत नाही. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, रविवारी मर्व्ह गेला. शुक्रवारी चर्चमध्ये अंत्यविधी. तिथे घरचे पिवळे बूट घालून जायचं कसं, आणि दुसरं काही घालून चालायचं कसं?

सोमवारी नोएलीनकडे गेलो.

"बाहेर घालायचे बूट?" तिने चष्म्यावरून पाहिलं.

मी कारण सांगितलं. तिने खाकी कागद जमिनीवर टाकला आणि पेन्सिल घेतली.

बुधवारी जोडी तयार. काळी रंगवलेली, खाली जाड रबर, बोटांच्या जागी लोकरीचा बोळा. मी तेच घालून ओल्या गवतातून घरी आलो, भिजले म्हणून लाकडाच्या स्टोव्हला टेकवून ठेवले आणि खुर्चीत डुलकी काढली. उठून पाहतो तर करपल्या पापडासारखे आक्रसून कडक. कातड्याला आग दाखवू नये हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी जन्म मेंढ्यांत काढला आणि माती खाल्ली.

गुरुवारी सकाळी फाटक्या सपाता ओढत तिच्या दारात उभा राहिलो. तिने बूट हातात फिरवला.

"स्टोव्ह?"

"हो."

"एकेचाळीस वर्षांत शिकलास काय रे? मेंढीला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल."

"आहे."

"जाड लोकरीचं कातडं आता शिल्लक नाही. माल यायचा मंगळवारी."

"जाऊ दे नोएलीन. मर्व्ह समजून घेईल."

"तो घेईल. तू घेशील का?"

ती घरात गेली आणि एक सोनेरी कातडं घेऊन आली. मी ते ओळखलं. तिचा नवरा व्हर्न दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, तेव्हा दवाखान्याच्या सांगण्यावरून ते त्याच्या पाठीखाली घातलेलं असायचं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण तिच्या पलंगावर त्याच्या बाजूला ते तसंच अंथरलेलं होतं.

"ते नको," मी म्हणालो.

"गप बस. दोन वर्षं त्याच्या पाठीला एक फोड येऊ दिला नाही याने. तुझ्या पायाला येऊ देईल?" तिने कातडं उलटं केलं. "आणि हे गरम पाण्यात धुवायला म्हणूनच कमावलेलं. तू गाढवपणा केलास तरी आक्रसायचं नाही."

लोकर कापली जाऊ नये म्हणून मागच्या बाजूने पातं फिरवतात. पातं टेकवण्याआधी तिने एकदा लोकरीवरून तळवा फिरवला. मग मान वर न करता कापत गेली. रात्रीपर्यंत नवी जोडी तयार झाली, बाहेरून पहिलीसारखीच काळी.

शुक्रवारी आम्ही सहा जण होतो, उजवीकडचा पुढचा कोपरा माझा. बाकीच्यांची पावलं लाकडी जमिनीवर वाजत होती, माझी वाजत नव्हती. दाराबाहेरच्या चार पायऱ्यांची मला धास्ती होती, कारण उतरताना सगळा भार नेमका बोटांवर येतो. भार आला. पाऊल लोकरीत रुतलं आणि तिथेच घट्ट राहिलं. मर्व्हला मी गाडीपर्यंत नेलं आणि हळूच ठेवलं.

मग मला रडू आवरेना. लोक पाठीवर थोपटत होते, भावासाठी रडतोय म्हणून. मर्व्हसाठी मी रविवारी रडलो होतो, पुढेही रडेन. त्या क्षणी मी रडत होतो ते दिलेला शब्द पाळता आला म्हणून.

ठेवणीतली हॅट घालून नोएलीन फाटकापाशी उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं.

"दुखतंय?"

"नाही. अकरा महिन्यांत आज पहिल्यांदा नाही."

"व्हर्नही पहिल्या दिवशी असंच म्हणाला होता," ती म्हणाली, आणि तिने माझा दंड धरला.