‘आधी’चा फोटो

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण हे एक कालपरवाचं वाटावं इतकं लख्ख आठवतं. खून नाही, दरोडा नाही. एका नवरीचा फोटो, एवढाच मामला. तरीही ‘साहेब, वर्दीत समाधान कधी वाटलं?’ असं कोणी विचारलं, की मी हेच प्रकरण सांगतो.

पोलीस निरीक्षक म्हणून माझी शेवटची नेमणूक अंबरनाथ पूर्वेला होती. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात बाहेर आवाज चढला. एक तरणाबांड माणूस एका पन्नाशीच्या गृहस्थाची कॉलर धरून त्याला आत घेऊन येत होता. मागून त्याची धाकटी बहीण “दादा, आधी सोड त्यांना,” असं म्हणत धावत होती.

“साहेब, याला आत टाका,” भाऊ म्हणाला. “माझ्या बहिणीचा फोटो विकला याने.”

कॉलर सोडायला लावून मी तिघांनाही बसवलं. पन्नाशीचा गृहस्थ बदलापूरचा फोटोग्राफर. काही महिन्यांपूर्वी या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. भावाने मोबाइल माझ्या पुढ्यात सरकवला. उल्हासनगरच्या एका स्किन क्लिनिकची जाहिरात होती. डावीकडे ‘आधी’ असं लिहून पांढऱ्या साडीतली सावळी नवरी, मनापासून हसणारी. उजवीकडे ‘नंतर’. तीच नवरी, तेच हसू, तीच साडी, फक्त चेहरा चुन्यात बुडवून काढल्यासारखा. वर मोठ्या अक्षरांत ‘सावळेपणाला रामराम!’

मुलगी एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. बौद्ध पद्धतीने लग्न झालं म्हणून साडी पांढरी. माहेर आमच्याच हद्दीत, सासर बदलापूरला, शिरगावात. ती जाहिरात सासरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरली आणि खवचट प्रश्न सुरू झाले. किती खर्च आला गं? आणि मग परत काळी कशी झालीस? मुलीने कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जाणंही सोडलं होतं. डबा लॅबच्या कोपऱ्यातच खायची.

आमचे ठाणे अंमलदार माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “साहेब, फोटो तर यांच्याकडेच आहे. मग चोरी कशाची लिहू?”

प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी चुकीचा नव्हता. फोटोबिटोच्या हक्काची भानगड दिवाणी, ती पोलिसांनी अंगावर घ्यायची नाही, असाच आमच्याकडे सर्वसाधारण समज. मी मुलीचा अर्ज घेतला, जबाब नोंदवला आणि सरकारी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, हा दखलपात्र गुन्हा होऊ शकतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा हक्क असतो. मी चौकशी केली, तर फोटोग्राफीचा खर्च मुलीने स्वतःच्या पगारातून केला होता. म्हणजे फिर्यादी तीच.

चोर ठाण्यात आला की पहिल्यांदा शपथा घेतो. आईची, मुलांची, जमलं तर गणपतीची. या फोटोग्राफरने एकही घेतली नाही.

“मी विकला नाही साहेब,” तो म्हणाला. “ताईंना विचारून माझ्या पेजवर टाकला होता, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव घालून. पण माझं कोण ऐकणार? कालपासून ऑर्डरी कॅन्सल व्हायला लागल्यात. बायामाणसं माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहतात ती विश्वासावर. तो गेला की दुकानाला कुलूप.”

मुलगी म्हणाली, “हो, मला विचारलं होतं त्यांनी.” भाऊ मात्र ऐकायला तयार नव्हता.

क्लिनिकच्या मालकीणबाईंना नोटीस देऊन बोलावलं. बाई खमक्या होत्या. “आमच्याकडे सब कुछ लीगल आहे. फोटोग्राफर स्वतः येऊन मला फोटो देऊन गेला. तोंडी बोलणं झालं होतं,” हेच पालुपद त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. भावाचा पारा आणखी चढला. आता या माणसाचं नाव राहणार की जाणार, हे त्या तोंडी बोलण्यावर येऊन ठेपलं होतं, आणि तोंडी बोलण्याचा पंचनामा होत नाही.

मदत आली ती अनपेक्षित जागेवरून. इथल्या फोटोग्राफरांचे लग्नाचे अल्बम उल्हासनगरात छापले जातात. तिथल्या एका सिंधी अल्बमवाल्या शेठचा मला फोन आला.

“साहेब, ते फोटोवाले भाऊ आपले जुने कस्टमर. चोर नाहीत. क्लिनिकचं सगळं डिझाइन हमारी लाइन में एकच माणूस बनवतो, बाजूच्या दुकानातला व्हिजिटिंग कार्डवाला. उसको पूछो.”

“शेठ, तुमचं नाव बाहेर येऊ शकतं.”

“आया तो आया. दुकान यहीं चलाना है, पता है. लेकिन रात को नींद भी आनी चाहिए ना, साईं.”

बाजारात शेजाऱ्याविरुद्ध तोंड उघडणं म्हणजे काय, हे बाजारातल्या माणसालाच कळतं. त्या शेठचे उपकार मी आजही मानतो.

डिझायनरला बोलावून घेतलं. तिशीचा, बोलघेवडा गडी. आरडाओरडा केला की माणूस शिंपल्यासारखा मिटतो, म्हणून मी चहा मागवला. ‘कोणी दिलं?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकजण घरून पाठ करून येतो. यानेही ते केलंच होतं. “मॅडमने फोटो दिला, मी लावला. मला बाकी काय माहीत नाय.” मी पुढे काहीच विचारलं नाही. चहाचे दोन घोट झाल्यावर सहज म्हणालो, “पण हाच फोटो का रे? दुनियेत नवरी मुलींचा दुष्काळ पडलाय का?”

कामातली अडचण कोणी विचारली की कारागीर खुलतो. हाही खुलला.

“वही तो लफडा आहे साहेब! ‘नंतर’चे फोटो पाहिजे तेवढे. ‘आधी’चा मिळतच नव्हता. शहाडपासून बदलापूरपर्यंत सगळ्या फोटोवाल्यांची पेजेस बघितली मी. एक पण नवरी सावळी नाय! सगळ्यांनी घासून-पुसून गोऱ्या करून टाकलेल्या. लास्टला या एका माणसाच्या पेजवर भेटली, जशी आहे तशी.”

“पेजवर भेटली?” मी विचारलं. “मग मॅडमने दिला तो कुठला?”

त्याचा कप बशीत परत गेला. मग मात्र सगळं बाहेर आलं. फोटो त्यानेच पेजवरून उचलला होता, मॅडमच्या सांगण्यावरून. गवगवा झाल्यावर ‘फोटोग्राफरने दिला’ असं सांगायचं, हेही मॅडमनेच ठरवलं होतं. पंचांसमोर मोबाइल आणि दुकानातला संगणक जप्त केला. मोबाइलमध्ये पेजचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा सापडला, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि खाली लोकांनी दिलेल्या शुभेच्छांसकट. जाहिरात करताना नाव तेवढं कापलं होतं.

फोटोग्राफरला मी मोकळं केलं, पण एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना. सगळा बाजार नवरी मुलींना गोरं करतो, मग हाच असा उलट्या खोपडीचा का?

“कस्टमर जातात साहेब, खोटं कशाला बोलू,” तो म्हणाला. “सुरुवातीला मीपण करायचो. एका लग्नाचा अल्बम द्यायला गेलो, तर नवरीची आई पानं उलटत राहिली आणि म्हणाली, ‘भाऊ, चांगला आहे, पण यात माझी पोर कुठंय?’ त्या दिवसापासून सोडलं. पांढरी साडी आणि सावळा चेहरा एकाच फोटोत नीट येणं अवघड असतं. लाइट सांभाळावा लागतो. पण येतो.”

आमच्या भागात कुठल्याही प्रकरणात शेवटी मांडवली करायला कोणीतरी येतंच. इथे क्लिनिकच्या बाई स्वतः आल्या. आवाज मऊ झाला होता. मुलगी, तिचा भाऊ, फोटोग्राफर, सगळे माझ्या केबिनमध्ये होते. या वेळी मुलीबरोबर तिची सासूही आली होती, पदर खोचून, कोणाशी भांडायचं ते ठरवूनच.

“गलती झाली,” बाई म्हणाल्या. “अ‍ॅड आम्ही काढून टाकली. केस नको. आम्ही हिला पूर्ण ट्रीटमेंट फ्री देऊ. बघा, कशी उजळून निघेल.”

भावाच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. पण मुलीने त्याच्या हातावर हात ठेवला आणि बाईंकडे बघून अगदी शांतपणे विचारलं,

“कसली ट्रीटमेंट, मॅडम? मला झालंय काय?”

सासूने सुनेकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “साहेब, केस होऊ द्या. आमची काही हरकत नाय.” गुन्हा दाखल झाला, यथावकाश दोषारोपपत्र गेलं. पुढचं काम न्यायालयाचं. केबिनमधून निघताना भाऊ फोटोग्राफरपुढे थांबला. त्याने वाकून त्याचे पाय धरले. फोटोग्राफरने त्याला उठवलं आणि दोघेही रडायला लागले. आमचे ठाणे अंमलदार, ज्यांना मी इतक्या वर्षांत कधी हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

चोरीला गेलेला माल पोलीस परत मिळवून देतात. पण बाजारात गेलेलं नाव परत मिळालेलं मी नोकरीत फार कमी वेळा पाहिलं. इथे ते मिळालं, आणि त्यात माझा वाटा एका प्रश्नाचा. बाकी सगळं त्या लोकांचं. शेजाऱ्याचा रोष पत्करणारा शेठ, सुनेमागे उभी राहिलेली सासू, आणि ती मुलगी. गुन्हेगाराला जे विचारायचं असतं ते मी हजारदा विचारलं असेल, पण समोरच्याचा अपराध इतक्या नेमकेपणाने त्याच्या पदरात टाकणारा, तिच्यासारखा प्रश्न मला कधी सुचला नाही. त्या सगळ्यांनी मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर जे दाखवलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या लग्नसराईत फोटोग्राफरचा फोन आला. मला वाटलं कोर्टाच्या तारखेबद्दल विचारणार.

“तसं काही काम नाही साहेब, सहज केला,” तो म्हणाला. “यंदा एकही तारीख रिकामी नाही. ताईंच्या कंपनीतल्याच चार-पाच मुलींनी बुकिंग केलंय. येतात आणि पहिल्यांदा हेच सांगतात, काका, आम्हाला गोरं करू नका हं.”