एचएमटीची फाइल

उमेंद्र रहांगडालेचा तोंडाआधी हात चालायचा. कामठ्याचा हा माणूस आमच्या राइस मिलमध्ये बारा वर्षांपासून सॉर्टेक्स चालवतो. सॉर्टेक्स म्हणजे कॅमेऱ्याने दाणा पाहून काळा-पिवळा दाणा हवेच्या फटक्याने बाहेर उडवणारं यंत्र. मी तिथला फिटर. फुलचूरच्या नाक्यावर त्याने एका ट्रॅक्टरवाल्याचे दात पाडले तेव्हा मी सोबत होतो. कारण काय, तर हॉर्न. घरी त्याची मोटरसायकल वाजली की बायको धनवंता पोरींना आतल्या खोलीत पाठवते. तरी मला तो आवडायचा, हे कबूल करतो. कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तांदळाच्या प्रत्येक जातीचा मशीनमध्ये वेगळा प्रोग्राम असतो. एचएमटी या बारीक तांदळाचा बसवायला दोन हंगाम गेले. नुसत्या नजरेने दाणा पारखणारा आमच्या मिलमधला म्हातारा टिकाराम काळ्या ताटात दाणे पसरून "हा ठेव, हा फेक" सांगायचा आणि उमेंद्र स्क्रीनवरचे आकडे फिरवायचा. नाव अर्थातच उमेंद्रचं झालं. मशीनवाल्या कंपनीच्या इंजिनीअरने पेनड्राइव्ह पुढे केला, याची एक कॉपी काढून ठेवा म्हणाला. उमेंद्रने तो त्याच्यादेखत टाचेखाली चिरडला.

"कॉपी देल्ली तं मले कोन इचारल?"

गेल्या मंगळवारी उसना तांदूळ आला, म्हणजे उकडून वाळवलेला, पिवळसर. उमेंद्रने त्याचे आकडे लावले आणि सेव्ह केलं. बुधवारी सकाळी एचएमटी सोडला, तर चांगला, सुईसारखा तांदूळ भराभरा कचऱ्याच्या पोत्यात पडू लागला. उमेंद्रने स्क्रीन पाहिली. एचएमटीच्या जागी उसन्याचे आकडे बसले होते.

"कोनं हात लावला बे माह्या मशीनले?"

"मी कायले लावू?" ताट घेऊन बसलेला टिकाराम म्हणाला. "मले तं ते बटनंबी समजत नाई."

बाजूला परखी पडली होती, पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी टोकदार नळी. उमेंद्रने ती उचलून म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणली. टिकाराम पडला, तर छातीवर गुडघा देऊन पुन्हा हाणली. ताटातला तांदूळ लाल झाला. झाडणारी नंदाबाई किंचाळत त्याच्या पाठीला लटकली. मी मान धरून ओढला, त्याच्या कोपराने माझा ओठ फाटला. चौघं धावून आले तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

मी रक्त थुंकत स्क्रीन उघडली. सेव्ह झाल्याची वेळ तिथे दिसते. मंगळवार, दुपारचे चार. मंगळवारी टिकाराम पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तिरोड्यात होता. मी ते मोठ्याने वाचलं. सेव्ह करताना मशीनने उमेंद्रला 'जुनी फाइल पुसू का?' असं विचारलंच असणार, आणि या शहाण्याने न वाचता 'हो' दाबलं होतं. उमेंद्र तिथेच पोत्यावर बसला.

मिलचे मालक मुन्नालाल शेट धावत आले. त्यांनी आधी उमेंद्रच्या कानाखाली ओढली, मग इंजिनीअरला फोन लावला.

"बॅकअप आहे? कॉपी?" इंजिनीअरने विचारलं.

"नहीं है."

"मग ज्याच्या नजरेने प्रोग्राम बसवला, त्याला घेऊन बसा. नव्याने करा."

शेटने उमेंद्रला परवापर्यंतची मुदत दिली. नाहीतर काम सोड म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो काळं ताट आणि एचएमटीची पुडी घेऊन दवाखान्यात गेला. मीच नेलं, मनात शिव्या देत. टिकारामने पोलिसांना जिन्यावरून पडलो असं सांगितलं होतं. त्याचा डावा डोळा गेला होता. उजव्यावरची सूज उतरल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

उमेंद्रने पाय धरले. म्हाताऱ्याने हात पुढे केला, चाचपडत ताट मांडीवर घेतलं आणि दाण्यांवरून बोटं फिरवली.

"मले दिसून नाई राहिलं," तो म्हणाला. "तूच सांग, यातला कोनता फेकाचा?"

उमेंद्र ताटावर वाकला. डोळे पुसून पुन्हा वाकला. त्याला सगळे दाणे सारखेच दिसत होते.