पायात पैंजण, आवाज न्हाय

हुपरी-कोल्हापूर बसमध्ये चार वर्षं आम्ही शेजारी बसतोय, तरी तो मला अजून ‘पावणं’च म्हणतो आणि मीही त्याचं नाव विचारलेलं नाही. तो घरी चांदीची पैंजणं घडवतो, दर सोमवारी तयार माल कोल्हापूरच्या सराफांकडे पोचवतो. पिशवी मांडीवर आणि तोंडी सिनेमा. राजाराणीचे, जादूचे सिनेमे एकही सोडत नाही, पण त्याच्याकडे पास होतो एखादाच.

“राक्षस झ्याक केलाय की! पण राणी पळतीया, पायात पैंजण हाय आणि आवाज न्हाय. ह्यो काय सिनेमा झाला व्हय, पावणं?”

अख्खी बस ऐकते.

एका जाडजूड जादूच्या कादंबरीवर मात्र त्याचा फार जीव. दर पावसाळ्यात ती पुन्हा वाचतो. तिच्यावर सिनेमा येतोय हे कळल्यापासून त्याचं डोकं फिरलंय. “वाटोळं करत्यात बघा!”

परवा त्या सिनेमाचा ट्रेलर आला. मी मोबाईल पुढे धरला, तर त्यानं झटकन पडद्यावर पंजा ठेवला.

“राणीचं तोंड दावू नगा. वीस वर्षं पुस्तकात बघतोय मी तिला. ह्यांनी दुसरीच कोण दावली तर माझी जाईल की.”

“मग बंद करू?”

“नगं. आवाज असू द्या.”

त्यानं कान जवळ आणला. ढोल झाले, घोडे झाले, मग नुसती पावलं. पैंजणं वाजली.

“चालतीया तर तिच्यावानीच,” तो हळूच म्हणाला. त्याचा इतका बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पंजा पडद्यावरच होता. बोटं तेवढी जराशी फाकली होती.