काकांच्या हातातला मोबाईल

“तू उभीच राहा. सोफा कालच धुतलाय,” सेक्रेटरी म्हणाले.

तो सोफा मीच धुतला होता. कोलशेतच्या त्या सोसायटीत मी हाउसकीपिंगला होते. ऑफिसात सेक्रेटरी बसलेले, शेजारी एक फ्लॅटवाले साहेब. आदल्या दिवशी त्यांच्या मुलाच्या गाडीने आमच्या वॉचमनकाकांना गेटवर उडवलं होतं. काकांचा पाय मोडला. कॅमेरा बंद. पाहणारी मी एकटी.

सेक्रेटरींनी विचारलं, “वॉचमन मोबाईल बघत गाडीसमोर आला, तेव्हा गाडी हळूच होती ना?”

काय पाहिलंस, असं नाही विचारलं. नोकरी गेली तर पोरींची शाळा सुटेल.

“हो.”

“मोबाईल कुठल्या हातात होता?”

“उजव्या.”

“हुशार आहे,” साहेब हसले. “उद्या पोलिसांना हेच सांग.”

वर्तकनगरला घरी भाकरी थापताना मला तो मोबाईल खरंच दिसायला लागला. काळा, काच तडकलेली. काका मान खाली घालून चालतायत. डोळे मिटले तरी दिसेच. खोटं बोलायची भीती होतीच, पण आता खरं कुठलं तेच कळेना. मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटली.

सकाळी गेटवर काकू उभ्या होत्या. “अगं, ह्यांचा मोबाईल तेवढा दे गं. डब्यातच राहिलाय.”

ड्युटीवर चढताना वॉचमनने मोबाईल केबिनमधल्या डब्यात टाकायचा, हा नियम सेक्रेटरींचाच. चावी सुपरवायझरकडे. त्याने माझ्यासमोर कुलूप काढलं. आत काकांचा मोबाईल. काळा, काच तडकलेली. रोज केबिन पुसताना मी तो काकांना डब्यात टाकताना बघायचे. तोच सेक्रेटरींनी आपल्या प्रश्नातून काकांच्या हातात ठेवला होता, आणि मी ठेवू दिला.

दुपारी पोलीस स्टेशनला साहेब शेजारीच बसले. हवालदारांनी पेन उघडलं. “मोबाईल कुठल्या हातात होता?”

मी म्हणाले, “आधी विचारा, मी काय पाहिलं.”

साहेबांनी डोळे वटारले. हवालदार म्हणाले, “बरं. काय पाहिलंस?”

“काकांचे दोन्ही हात गेटला होते. ह्यांच्याच गाडीसाठी गेट उघडत होते. मोबाईल मी पाहिला नाही. गाडी किती वेगात होती, मला सांगता येणार नाही. ती थांबली नाही, एवढं सांगते.”

संध्याकाळी मला कामावरून काढलं.

भीती गेलेली नाही. पण यापुढे कुणाच्या प्रश्नातलं उत्तर मी उचलणार नाही. कोर्टात बोलावतील. तिथेही उभंच राहावं लागतं म्हणे. राहीन.