आमच्या स्विचवरचे ट्रॅफिक पोलीस

नेट चालू असलं की आम्हाला कोणी ओळखत नाही. अडकलं की मात्र माणसं तोंडाला येईल ते बोलतात! घाटकोपरच्या एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळताना आम्ही तिघांनी इतकं ऐकलंय, की चहाला बसल्यावर विषय शोधावा लागत नाही. तिघं म्हणजे मी, सुषमा आणि आमच्या हेड कुलकर्णी मॅडम.

ट्रॅफिक पोलिसिंग सुषमाकडे आहे. म्हणजे स्विचवर, नेटचा डेटा वाटणाऱ्या डब्यावर, हद्द आखायची. वॉर्डच्या वायफायला एवढाच डेटा, जास्त आला की स्विच सरळ टाकून देणार. आयसीयू आणि स्कॅनरूमचं काम अडकता कामा नये ना!

*

हे काम मिळाल्यावर सुषमाच्या आईने चारकोपच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "माझा चेडू ट्रॅफिक पोलिसात लागला!"

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका हेल्मेट न घातल्याच्या दंडाची पावती घेऊन दारात.

"काका, मी फक्त स्विचवर असते हो!"

"स्विच? हा सिग्नल कुठे आला गं?"

*

कोणाचा डेटा आधी सोडायचा, हे मॅडमनी सगळ्या विभागांना विचारलं. प्रत्येकाने स्वतःचंच नाव दिलं. कॅन्टीननेसुद्धा!

"मॅडम, ऑर्डर उशिरा आली की डोसा गार होतो."

मॅडम म्हणाल्या, "सगळेच व्हीआयपी झाले तर रांगेत कोण उभं राहणार? मी?"

*

एकदा स्विच बसवणाऱ्या इंजिनिअरने अकाउंट्सची हद्द किलोबिटऐवजी बिटमध्ये टाकली, म्हणजे हजारपट कमी. वाट लागली! अकाउंट्सचे राणे साहेब संध्याकाळी आमच्याकडे आले. घामाघूम, पण आवाज एकदम शांत.

"वांद्र्याच्या शाखेला मेल पाठवला आणि काम होतं म्हणून मागोमाग मीही गेलो. मी आधी पोचलो!"

*

आणि एका दुपारी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन. "सुषमा, लवकर बघ गं, मंगलाष्टकं अडकली!"

वॉर्डात मालवणच्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, आणि नातीचं लग्न तिकडे गावाला. टॅबलेटवर लाइव्ह बघत होत्या. सिस्टरनी सगळ्या पेशंटना अक्षता वाटलेल्या. भटजींचा आवाज आला, "शुभमंगल साव..." आणि चित्र थिजलं. नवरा-नवरी हार उंचावून तशीच उभी!

सुषमाने स्कॅनरूमला फोन केला. सगळे जेवायला गेलेले, मशीन रिकामं. तिने वॉर्डची हद्द झटक्यात वाढवली. मी टॅबलेटपाशी धावलो.

"...धान!"

अख्ख्या वॉर्डाने अक्षता उधळल्या. समोरच्या प्लास्टरवाल्या आजोबांनी तर दोन्ही हातांनी! आजींच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

तेवढ्यात मॅडम आल्या. केसांत तांदूळ. "वॉर्डची हद्द कोणी बदलली?"

मागोमाग दारात पोचलेली सुषमा छताकडे बघू लागली. मी टॅबलेट पुसू लागलो. आजींनी डोळे पुसले आणि हात वर केला.

"मियाच केलंय!"

मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"असं? कमांड कुठली दिलीत, आजी?"

आजींनी मुठीतल्या उरलेल्या अक्षता मॅडमच्या डोक्यावर टाकल्या.

"सावधान!"